मदत हवी आहे: बाबांना सीबीडी तेल सुरू करू का? लवकर सांगा

ऋता_सातारा
मामेभावाने बाबांसाठी तेलाची बाटली आणून दिलीय, वर विजया अर्क, म्हणजे भांगेचा, लिहिलंय. त्यातल्या सीबीडीसारख्या द्रव्यांनी, म्हणजे कॅनाबिनॉइडने, मेंदूच्या पेशी मरायच्या वाचतात, अमेरिकन सरकारकडेच त्याचं पेटंट आहे म्हणतो. किती थेंब द्यायचे आणि जेवणाआधी की नंतर एवढंच सांगा. डॉक्टर फोन उचलत नाहीयेत आणि माझा धीर सुटत चाललाय.

डोंबिवलीकर
बाबांना झालंय काय? वय किती? बाकी गोळ्या कुठल्या?

शैला_ताई
माझ्या गुडघ्यांना हेच तेल चोळते, दोन महिन्यांत जिना चढायला लागले. बिनधास्त दे गं.

डोंबिवलीकर
ताई, ती पोटात द्यायचं विचारतेय आणि तेही मेंदूसाठी.

ऋता_सातारा
अहो अपघातानंतरचंच विचारतेय. मार्चमध्ये स्कूटरवरून पडले, डोक्याला मार, ऑपरेशन झालं. आता पाच महिने झाले, सकाळी पेपर घेऊन बसतात आणि तोच मथळा चार वेळा वाचतात, मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहतात. मला बघवत नाही.

प्रयोगशाळा_पुणे
पेटंट होतं खरं, २००३ चं, २०१९ ला मुदत संपली. पण ते ज्या कामावर उभं आहे ते १९९८ चं, उंदरांच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवून त्यांच्यावर ग्लुटामेट, म्हणजे जास्त झालं की पेशी मारणारं मेंदूतलंच रसायन, सोडलं, सीबीडी आणि नशा आणणारं टीएचसी घातल्यावर कमी पेशी मेल्या. डोक्याला मार लागला की ग्लुटामेटचा असाच लोंढा येतो, पेशीत कॅल्शियम घुसतं आणि ती मरते, पण हे मुख्यतः पहिल्या काही तासांत नि दिवसांत. तुमच्या बाबांचा तो काळ मार्चमध्येच गेला. आणि माणसांवर करून बघितलंय, डेक्सॅनाबिनॉल नावाचं कॅनाबिनॉइड, नशा न आणणारं, १५ देशांत ८६१ रुग्ण, सगळ्यांना मार लागल्यापासून ६ तासांच्या आत इंजेक्शन. सहा महिन्यांनी बघितलं तर औषध मिळालेले आणि न मिळालेले सारखेच. २००६ ला छापून आलं.

वैद्य_नाही_पण
ते कारखान्यातलं सिंथेटिक हो! वनस्पतीचं वेगळं असतं. आपल्याकडे भांग किती पिढ्यांपासून आहे, आणि मेंदू स्वतःच असं द्रव्य बनवतो त्याचं नावसुद्धा आपल्या आनंदवरून ठेवलंय, आनंदामाइड.

प्रयोगशाळा_पुणे
हो, १९९२ ला इस्राएलमध्ये सापडलं, नाव संस्कृतवरूनच. पण नाव आपलं म्हणून औषध लागू पडत नाही ना. महाशिवरात्रीची थंडाई मध्ये आणू नका.

नागपूर_संत्री
आधी हे कायद्यात बसतं का? गांजा म्हटलं की पोलीस.

वैद्य_नाही_पण
१९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, नुसती पानं त्यात येत नाहीत. विजया पानांचीच असते.

डोंबिवलीकर
कायदा नंतर बघू. ऋता, दोन वेळा विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? आणि बाटलीवर टीएचसी किती लिहिलंय?

ऋता_सातारा
टीएचसी कुठेच लिहिलेलं नाही. गोळ्या नेहमीच्याच, बीपीची एक, आणि हॉस्पिटलमध्ये फिट आली होती म्हणून व्हॅल्प्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ.

प्रयोगशाळा_पुणे
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं हो! सीबीडीचं फिटवरचं औषध अमेरिकेत २०१८ पासून आहे, त्याच्याच चाचण्यांत व्हॅल्प्रोएटबरोबर घेतलेल्यांची लिव्हरची एन्झाइम्स जास्त वाढलेली दिसली, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण. तिथे रोजचा डोस वजनाच्या किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे थेंबांचा हिशोबच नाही, पण बाटलीत नेमकं काय आहे ते कळत नसताना थेंबसुद्धा देऊ नका. एसजीपीटी, ती लिव्हरची रक्ततपासणी, शेवटची कधी केली?

ऋता_सातारा
डिस्चार्जच्या वेळी. उद्या सकाळीच बाबांचं रक्त तपासायला देऊन येते. बाटली वरच्या कपाटात ठेवलीय. पण मग त्या मथळ्याचं काय करू?

शैला_ताई
आमच्या ह्यांना स्ट्रोकनंतर स्पीच थेरपीवाल्या बाईंनी हेच करून घेतलं होतं, एकच ओळ मोठ्याने वाचायची, पेपर उपडा ठेवायचा आणि काय वाचलं ते सांगायचं. रोज दहा मिनिटं. तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घे, आणि बाबांसोबत तूच बस.