परदेशातून सायकलचे सुटे भाग मागवताना सीमाशुल्क आणि पाठवणीचा खर्च कसा धरावा?

घाटवाट, कोल्हापूर

नमस्कार. माझ्याकडे जुनी पोलादी टूरिंग सायकल आहे आणि येत्या मोसमात तिच्यावर ३०० आणि ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करण्याचा विचार आहे. आंबा घाट किंवा करूळ घाट सामानासह चढायचा, तर सध्याचे गिअर जड पडतात. त्यामुळे तीन चकत्यांचा क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्या), त्याला जुळणारा मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि डायनॅमोवर चालणारा हेडलाइट असे तीन भाग हवे आहेत. आमच्याकडच्या दुकानांत हे मिळत नाहीत, पण जर्मनीतील एका दुकानाच्या संकेतस्थळावर तिन्ही मिळून २३८ युरोला आहेत आणि पाठवणीचा खर्च ३० युरो दाखवला आहे. तिथेच हाताने विणलेली चाकांची जोडीही चांगल्या भावात दिसते आहे.

माझी अडचण शुल्काची आहे. जुन्या चर्चा वाचल्या, तर कोणी ४२ टक्के म्हणते, कोणी ७७ टक्के, आणि अलीकडे दर उतरल्याचेही लिहिलेले आढळते. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागते की पाठवणीच्या खर्चावरही? आणि चाकेही याच मागणीत घ्यावीत का? प्रत्यक्ष मागवण्याचा अनुभव असलेल्यांनी हिशेब मांडून दाखवल्यास आभारी राहीन.

आरेजुळणी, पुणे

आपण वाचलेले दोन्ही आकडे आपापल्या काळी बरोबर होते. स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या करपात्र वस्तूंसाठी सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ हे स्वतंत्र शीर्ष आहे. किंमत १०० धरली तर मूळ सीमाशुल्क १० टक्के, त्या शुल्काच्या दहाव्या हिश्शाइतका समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १, आणि या १११ वर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे ३१.०८, अशी बेरीज केली की ४२.०८ टक्के होतात. मूळ शुल्क ३५ टक्के धरले की याच रीतीने ७७.२८ टक्के येतात. ही रीत ध्यानात ठेवा, कारण दर बदलले तरी ती बदललेली नाही: करावर कर चढतो, म्हणून टक्क्यांची नुसती बेरीज करून कधीच योग्य आकडा हाती लागत नाही.

दर मात्र खरोखरच उतरले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले, तेव्हा या शीर्षाचा आयजीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १० टक्के करण्यात आले. त्यामुळे ७७ टक्क्यांच्या धास्तीने कोणी मागणी रद्द करू नये.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. शुल्क वस्तू, भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. मूल्यांकनाच्या २००७ च्या नियमांनुसार माल विमानाने आला असेल, तर भाडे वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही, आणि विम्याची रक्कम कळत नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरली जाते. पूर्वी या बेरजेवर आणखी एक टक्का माल उतरवण्याचा खर्च म्हणून चढवत असत. ती तरतूद २०१७ मध्ये गेली, तरी जालावरच्या काही गणकयंत्रांत ती अजून ठाण मांडून बसलेली आहे.

आपली मागणी निर्यात म्हणून नोंदली गेली, तर २३८ युरोतील जर्मनीचा कर वजा होऊन किंमत २०० युरो होईल. ३० युरो भाडे २० टक्क्यांच्या मर्यादेत बसते, म्हणून ते पूर्ण धरू. विम्याचे २.२५ मिळवले की २३२.२५ युरो हे करपात्र मूल्य झाले. त्यावर १० टक्के म्हणजे २३.२३, आणि या दोहोंच्या बेरजेवर १८ टक्के म्हणजे ४५.९९. एकूण शुल्क सुमारे ६९ युरो. अधिभार लागला तर पावणेतीन युरो वाढतील. म्हणजे करपात्र मूल्याच्या ३० ते ३१ टक्के असा अंदाज बांधावा. युरोचा भाव बँकेचा नसून सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला लागतो, त्यामुळे रुपयांतील आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

एक गुंता मात्र राहतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कुरियर कंपनीचा दलाल माल ९८०४ खाली दाखवेलच असे नाही. सायकलच्या सुट्या भागांचे स्वतःचे शीर्ष ८७१४ आहे. त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ च्या त्याच फेरबदलात १२ वरून ५ टक्के झाला, पण मूळ शुल्क वेगळ्या दराने बसते. शिवाय सायकलला लागणारे सगळेच ८७१४ मध्ये येत नाही. हेडलाइट ८५१२ मध्ये जातो, चेन ७३१५ मध्ये, टायर ४०११ आणि ट्यूब ४०१३ मध्ये. एकाच खोक्यातील तीन वस्तूंवर तीन दर लागू शकतात ते यामुळेच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कुरियर कंपनीला लेखी विचारावे की माल कोणत्या शीर्षाखाली सोडवणार, आणि त्या शीर्षाचा दर सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्यावा.

नेकारकाठ, श्टुटगार्ट

वरच्या हिशेबात जर्मनीच्या बाजूची थोडी भर घालतो. इथे किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो, पण युरोपीय संघाबाहेर माल पाठवताना तो वजा होतो. वजावट मात्र छापील किमतीच्या १९ टक्के नसते. किमतीला १.१९ ने भागायचे असते, त्यामुळे प्रत्यक्ष सूट १६ टक्क्यांना थोडी कमी पडते. बरीच दुकाने पत्त्यात भारत निवडताच नवी किंमत दाखवतात. काही दुकाने तसे करत नाहीत आणि करासहित किमतीलाच माल पाठवतात. अशा ठिकाणी मागणी नोंदवण्यापूर्वी त्यांना ईमेल करून खात्री करून घ्यावी, कारण मग आपल्याला जर्मनीचा कर आणि भारताचे शुल्क असा दुहेरी भुर्दंड बसेल. भारतातील शुल्कही फुगलेल्या किमतीवर लागेल हे वेगळेच.

व्यापार करारांच्या सवलतीचा मुद्दाही कधीतरी निघतो, म्हणून सांगून ठेवतो. भारताचा जपानशी २०११ पासून करार आहे, पण शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीचा जपानी बनावटीचा भाग जर्मनीतील दुकानातून घेतला, तर त्या कराराचा आपल्याला उपयोग नाही. सवलतीसाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र लागते आणि किरकोळ दुकान एका क्रँकसेटसाठी ते मिळवून देणार नाही.

तीनपानी, नाशिक

चाके मागवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. कुरियर कंपन्या वजन आणि आकारमान या दोन्हींतील जे जास्त भरेल त्यावर भाडे लावतात, आणि आकारमानाचे वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. चाकांच्या जोडीचे खोके ७० बाय ७० बाय २० सेंटिमीटर धरले, तर हे वजन १९.६ किलो येते. प्रत्यक्षात ती जोडी दोन-अडीच किलोची असेल, पण भाडे वीस किलोचे पडेल. वर सांगितलेली २० टक्क्यांची मर्यादा फक्त शुल्कापुरती आहे. कुरियर कंपनीला तिच्याशी काही कर्तव्य नाही.

त्यापेक्षा हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, तेवढे परदेशातून घ्यावेत, कारण ते लहानशा खोक्यात मावतात, आणि रिम व आरे इथेच घेऊन चांगल्या कारागिराकडून चाक विणून घ्यावे. पुण्यात आणि मुंबईत हे काम मन लावून करणारे लोक आहेत. शिवाय चाक प्रवासात वाकले, तर ते परत पाठवण्याचे भाडे ऐकूनच माणूस गप्प बसतो.

घाटवाट, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चाकांचा विचार सोडून दिला. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक परिचित म्हणतात की दुकानदाराला पार्सलवर 'भेट' असे लिहून किंमत कमी दाखवायला सांगावे. दुसरे म्हणजे माझा मावसभाऊ दिवाळीत म्युनिकहून येणार आहे. त्याने हे भाग सामानातून आणले तर चालेल का?

आरेजुळणी, पुणे

पहिल्या सल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता भेटवस्तूंना मिळणारी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, त्यामुळे 'भेट' लिहून काहीही वाचत नाही. किंमत कमी दाखवली आणि अधिकाऱ्याला शंका आली, तर तो जाहीर किंमत नाकारून स्वतः मूल्य ठरवू शकतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ खाली दंडही होतो. शिमानोच्या क्रँकसेटची किंमत त्यांना जालावर दोन मिनिटांत सापडते. आणि पार्सल हरवले, तर भरपाईही त्या खोट्या किमतीइतकीच मिळते.

मावसभावाचा मार्ग मात्र सरळ आहे. २०२६ च्या सामान नियमांनुसार विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशाला किंवा भारतीय वंशाच्या प्रवाशाला ७५,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. ही मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र असते, दोघांची एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही. भावाला दुकानाची पावती जवळ ठेवायला सांगावी. तो माल जर्मनीतच घेणार असल्याने सुरुवातीला १९ टक्के कर भरावा लागेल. परतावा युरोपीय संघाबाहेर वास्तव्य असलेल्यांनाच मिळतो, त्यामुळे तो तिथे कायम राहत असेल तर ती रक्कम सोडून द्यावी. तरीही २३८ युरोत काम भागते, आणि कुरियरने २०० अधिक ३० अधिक ६९, म्हणजे २९९ युरोच्या घरात जाते.

तीनपानी, नाशिक

त्या २९९ मध्ये कुरियर कंपनीचे स्वतःचे आकार धरलेले नाहीत. शुल्क ती आपल्या वतीने आधी भरते आणि त्या सेवेचे पैसे जीएसटीसह वेगळे लावते. लहान पार्सलवर हे आकार शुल्काशी स्पर्धा करू लागतात. टपालाने मागवले, तर माल परदेशी टपाल कार्यालयातून सुटतो आणि शुल्क पार्सल घेताना भरायचे असते. वरचे आकार किरकोळ असतात, पण वेळ अधिक लागतो आणि पार्सल कुठे अडकले आहे याचा पत्ता लागणे कठीण जाते. काही दुकाने शुल्कासह किंमत आधीच घेतात, तिला डीडीपी म्हणतात. तिथे आकडा मोठा दिसला तरी दारात नव्याने काही द्यावे लागत नाही, म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे समोरासमोर ठेवावेत. कुरियरने घेणारच असाल, तर आधार किंवा पॅनची प्रत आधीच पाठवून द्या. ओळखपत्राअभावी पार्सल पडून राहिले, की साठवणुकीचे भाडे सुरू होते.

नेकारकाठ, श्टुटगार्ट

भावाने आणायचे ठरले, तर त्याला क्रँकसेटबरोबर बॉटम ब्रॅकेटही (क्रँक ज्यावर फिरतो तो आख आणि त्याचे बेअरिंग) घ्यायला सांगावे आणि आपल्या सायकलच्या आखाची लांबी व आटे मोजून आजच कळवावे. जुन्या पोलादी सायकलींत इंग्लिश आणि इटालियन अशा दोन्ही तऱ्हांचे आटे आढळतात, आणि दिवाळीनंतर बदलून घ्यायची वेळ आली तर ते पार्सल शुल्क भरूनच येईल.