बाळंतपणात परिचारिका आणि प्रसाविका यांची नेमकी जबाबदारी कोणती?

प्रश्न

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला आहे. तपासण्या वेळेवर होत आहेत आणि डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. मात्र रुग्णालयात चौकशी केली तेव्हा असे समजले की कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत बराच काळ तिच्याजवळ प्रसाविका आणि परिचारिकाच असतील, डॉक्टर गरजेनुसार येतील. हे ऐकल्यापासून घरातील मोठी मंडळी धास्तावली आहेत. डॉक्टर येईपर्यंत सांभाळून घेणे एवढेच त्यांचे काम असते, की काही निर्णय त्यांच्याच हाती असतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (प्रसूतीकक्षातील प्रसाविका)

ताई, घरच्यांची काळजी समजू शकते, परंतु डॉक्टर येईपर्यंत वेळ निभावून नेणे हे आमचे काम नव्हे. सुरळीत चाललेले बाळंतपण विनाकारण न छेडता पार पाडणे आणि ते कोणत्या क्षणी बिघडू लागले हे इतरांच्या आधी ओळखणे, हे आमचे काम आहे. कळा जोर धरू लागल्या की बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी, कळ ओसरतानाही ऐकावे लागतात, कारण कळ संपल्यावरही ठोके मंदावलेलेच राहिले तर ती धोक्याची सूचना असू शकते. हे ठोके सर्वसाधारणपणे मिनिटाला ११० ते १६० असावेत.

सर्वांत जोखमीचा काळ मात्र बाळ जन्मल्यानंतरचा असतो आणि नेमके तेव्हाच नातेवाइकांचे सगळे लक्ष बाळाकडे असते. बाळ जन्मताच मातेला गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन या औषधाचे १० युनिटचे इंजेक्शन देतात आणि वार पडल्यावर पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखे घट्ट झाले आहे की नाही, हे पहिले दोन तास पुन्हा पुन्हा चाचपून पाहतात. ते सैल लागले तर आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो, आणि तेव्हा चोळणे, औषध देणे आणि मदतीला हाक मारणे ही कामे एकदमच करावी लागतात. रक्त किती गेले याचा नुसत्या नजरेने केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. म्हणूनच मापाच्या खुणा असलेली पिशवी मातेखाली लावणे आणि उपचार एकामागून एक न करता एकत्रित सुरू करणे ही पद्धत चार आफ्रिकी देशांत अभ्यासली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी आढळले. ही पद्धत तेथे प्रामुख्याने परिचारिका-प्रसाविकांनीच राबवली होती.

प्रतिसाद २ (नवजात विभागातील परिचारिका)

मी बाळाच्या बाजूने लिहिते. जन्मतः बाळाला कोरडे करून, पाठ चोळूनही ते श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने (नाका-तोंडावर मास्क बसवून, त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबून) श्वास द्यायला सुरुवात व्हावी लागते. एवढ्या वेळात कोणाला बोलावून आणणे शक्य नसते, त्यामुळे जी व्यक्ती तेथे हजर आहे तिलाच ते करता आले पाहिजे. बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासात अंगावर पाजावे.

पाजणे आपोआप जमते असे अनेकांना वाटते, परंतु प्रत्यक्षात बहुतेक अडचणी तेथेच येतात. बाळाने केवळ बोंडी धरली की आईला भेगा पडतात आणि बाळ उपाशी राहते. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि गिळताना होणारा बारीक आवाज, एवढे जवळ बसून पाहणारी परिचारिका असली तर वरच्या दुधाची वेळ सहसा येत नाही.

प्रतिसाद ३ (स्त्रीरोगतज्ज्ञ)

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, मात्र एक बाब स्पष्ट करतो. एका परिचारिकेकडे एकाच वेळी कळा देणाऱ्या चार-पाच स्त्रिया असतील तर ती कितीही कुशल असली तरी दर १५ मिनिटांनी ठोके ऐकू शकणार नाही. जगात सुमारे ९ लाख प्रसाविकांची कमतरता असल्याचे २०२१ च्या जागतिक अहवालात नमूद आहे. म्हणून रुग्णालयाला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: रात्रपाळीला प्रसूतीकक्षात किती प्रशिक्षित व्यक्ती असतात आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया किती वेळात सुरू होऊ शकते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, जुळी असतील किंवा आधी सिझेरियन झालेले असेल, तर डॉक्टरांचा सहभाग सुरुवातीपासूनच असावा. मला वेळेआधी बोलावणाऱ्या प्रसाविकेबद्दल माझी कधीच तक्रार नसते. उशिरा बोलावले तर मात्र माझ्या हातात फार थोडे उरते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तिचा रक्तदाब आतापर्यंत व्यवस्थित आहे. घरी आल्यानंतर कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे?

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, सर्व ठीक असले तरी प्रसूतीनंतर किमान २४ तास रुग्णालयात राहावे. त्यानंतर दोन ते तीन दिवसांत, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी. तासाभराच्या आत पॅड पूर्ण भिजू लागला, तीव्र डोकेदुखी होऊन डोळ्यांसमोर अंधुक दिसू लागले किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल किंवा पहिल्याच दिवशी पिवळे दिसू लागले असेल, तर रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे. बहीण सतत रडत असेल किंवा बाळाकडे पाहण्याचीही तिला इच्छा होत नसेल, तर तेही आम्हाला जरूर कळवावे, कारण त्यावरही उपचार आहेत.