बॉलपार्कातला पहिला दिवस : मायनर लीग बेसबॉलचे तुमचे अनुभव

केरीकरीण

२०२५ साली २८ मार्चला ट्रिपल-एचा (मायनर लीगमधली सगळ्यांत वरची पायरी) हंगाम सुरू झाला आणि ३० तारखेला गुढीपाडवा होता. त्या आठवड्यात आमच्या दाराशी गुढीची काठी आणि मुलाची बॅट शेजारी शेजारी टेकून उभ्या होत्या. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

नव्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ आणि प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे चार. ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए अशा उतरत्या पायऱ्या, म्हणजे एकूण १२० संघ. पूर्वी १६० होते. २०२१ च्या फेररचनेत कितीतरी छोट्या गावांचे संघ गेले, त्याची मला अजून हळहळ वाटते. ट्रिपल-ए मार्चअखेरीस सुरू होतं, बाकीचे आठवडाभराने. ज्यांनी मैदानाच्या कडेला बसून रणजीचे सामने पाहिलेत त्यांना यातली मजा लगेच कळेल. उद्याचा मोठा खेळाडू आज तुमच्यापासून दहा हातांवर पाणी पीत उभा असतो.

आमचं मैदान डरहॅम बुल्सचं. लेफ्ट फील्डला ३२ फुटी निळी भिंत आणि वर लाकडी बैल. आपल्या संघाचा होम रन (चेंडू कुंपणापलीकडे) झाला की त्याचे डोळे लाल होतात, शेपटी हलते, नाकपुड्यांतून धूर येतो. बैलाला चेंडू लागला तर खेळाडूला स्टेक आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड, असं त्यावरच लिहिलंय. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून नीट समजून घेतलं आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगपर्यंत त्या फक्त गवताकडे बघत होत्या.

थंडी, पाऊस, खाणंपिणं, कुणाची भेट, काहीही लिहा. मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

सोलापुरी चादर

माझं नावच या विषयावरून पडलंय. न्यू यॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळचा सामना बघायचा तर स्वेटर, त्यावर जाकीट आणि त्यावर आईने दिलेली सोलापुरी चादर लागतेच. पहिल्या वर्षी मी नुसत्या जाकिटावर गेलो होतो. तिसऱ्या इनिंगला शेजारच्या आजोबांनी आपलं अर्धं ब्लँकेट माझ्या गुडघ्यांवर टाकलं. ते तिथल्या रेड विंग्ज संघाचे भागधारक. हा संघ १९५७ पासून गावातल्या लोकांनी शेअर घेऊन चालवलाय, त्यामुळे ते ‘आमचा संघ’ म्हणाले तेव्हा ते अक्षरशः खरं होतं.

त्यांनीच मला १९८१ चा सामना सांगितला. १८ एप्रिलची रात्र, ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट, समोर रोचेस्टर. बरोबरी काही सुटेना. थंडी इतकी की खेळाडू तुटलेल्या बॅटी पेटवून हात शेकत होते. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंग झाल्यावर, २-२ असताना खेळ थांबवला. स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. त्या सगळ्यांना पास दिले गेले. उरलेला खेळ २३ जूनला झाला आणि १८ मिनिटांत संपला, पॉटकेट ३-२ ने जिंकलं. दोन्ही बाजूंनी थर्ड बेसवर खेळलेले कॅल रिपकेन आणि वेड बॉग्ज पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

आजोबा गेली दोन वर्षं येत नाहीत. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी चादर मुद्दाम मोठी नेतो.

ब्रिजवॉटर बाळी

न्यू जर्सीकरांची सोय देवानेच केलीये. एकाच गावात बालाजी मंदिर आणि सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान. आम्ही रविवारी दर्शन घेतो, कँटीनमध्ये चिंचेचा भात खातो आणि दुपारच्या सामन्याला जातो. २०२१ पासून हा न्यू यॉर्क यांकीजचा डबल-ए संघ आहे. एक सूचना: निघण्यापूर्वी पर्सच्या आकाराचे नियम वाचा. मला एकदा गेटवरून परत गाडीपर्यंत जावं लागलं आणि पहिली इनिंग हुकली.

राजमा-भात

खूप दिवस हे लिहायचं होतं, धागा निघाला म्हणून लिहिते. गावाचं आणि संघाचं नाव नको.

२०१८ मध्ये आम्ही होस्ट फॅमिली होतो. तेव्हा सिंगल-एच्या खेळाडूला आठवड्याला २९० डॉलरपासून पगार असे, तोही फक्त हंगामापुरता. भाडं परवडायचं नाही, म्हणून गावातली कुटुंबं त्यांना आपली एक खोली देत. आमच्याकडे डोमिनिकन रिपब्लिकचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. इंग्रजी जेमतेम. एक मोठी बॅग, दोन ग्लव्ह्ज आणि आईचा फोटो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे पहिल्या रात्री मला धाकधूक होती. राजमा-भात केला होता. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि ‘आबिचुएला!’ म्हणून एवढ्याने ओरडला की वरच्या मजल्यावरून आमचे हे धावत खाली आले. त्यांच्याकडे रोजच्या जेवणात लाल घेवडा आणि भातच असतो. मग आठवड्यातून तीनदा राजमा ठरलेलाच. चिकन तो बाहेर खायचा.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तो बॅग घेऊन निघाला आणि मी सवयीने त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. काय करायचं ते खुणेने सांगितलं. त्याने डोळे मिटून खाल्लं, छातीवर क्रूस काढला आणि गेला. त्या दिवशी तो तीनदा स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला. रात्री अकराला आला आणि ताटाकडे बघत बसून राहिला. मी काही बोलले नाही, भात गरम करून वाढला. मला मनात वाटत होतं, माझ्या दह्याने काही झालं नाही, आता हा उद्या काय म्हणेल.

दुसऱ्या दिवशी दारात उभा राहून त्याने तळहात पुढे केला.

घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला तो दही-साखर खाऊनच गेला. माझ्याकडे त्याच्या पहिल्या होम रनचा चेंडू नाही, फोटो आहे. त्यात हाताची बोटं चिकट दिसतात असं मला वाटतं, घरातले कुणी मानत नाहीत.

पुढच्या वर्षी क्लबने त्याला सोडलं. २०२२ पासून खेळाडूंच्या राहण्याची सोय क्लबांना करावी लागते आणि २०२३ मध्ये खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार झाला. ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर झाला. फार चांगलं झालं. ती पोरं उपाशीपोटी बसमधून रात्र-रात्र फिरायची, मी पाहिलंय. पण आता कुणाच्या घरी कुणी राहायला येत नाही, म्हणून एप्रिल लागला की ती खोली मला रिकामी वाटते.

केरीकरीण

राजमा-भात ताई, दोनदा वाचलं. तो अजून खेळतो का?

राजमा-भात

नाही गं. गावी लहान मुलांना शिकवतो. पाडव्याला व्हिडिओ कॉल करतो.

दादर ते शार्लट

माझे बाबा कांगा लीगमध्ये अंपायर होते. पावसात, चिखलात, भर जुलैत उभे राहायचे. त्यांना शार्लट नाइट्सच्या हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्याला नेलं. डाउनटाउनच्या उंच इमारती आउटफिल्डच्या अगदी मागे उभ्या, पण बाबांचं लक्ष होतं होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या) अंपायरवर. २०२३ पासून ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर स्ट्राइक ठरवणारं यंत्र आहे. पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (बॅटरमागे तो झेलणारा) किंवा बॅटरला निर्णय मान्य नसला तर तो टोपीला किंवा हेल्मेटला हात लावतो. मग मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. त्या दिवशी तसं झालं, अंपायर चुकला होता, लोक ओरडले. बाबा गप्प. घरी येताना गाडीत म्हणाले, “पुढचा चेंडू त्याने बरोबर सांगितला. चुकल्यावर लगेच पुढचा बरोबर सांगणं फार अवघड असतं रे.”

कनावा काठ

वेस्ट व्हर्जिनियाच्या चार्ल्सटनमध्ये एक चाहता होम प्लेटमागच्या सीटवर चक्क टोस्टर लावून बसायचा. पाहुण्यांचा बॅटर स्ट्राइक आउट झाला की गरम टोस्ट लोकांत भिरकवायचा. मी एक झेलला आणि खाल्लाही.

पण सांगायचं आहे ते २०१२ चं. त्या वर्षी तिथल्या संघात रिंकू सिंग डावखुरा पिचर होता. भदोहीचा भालाफेकपटू, २००८ च्या टीव्ही स्पर्धेतून निवडलेला. तो आणि त्याच स्पर्धेतला दिनेश पटेल मिळून पिट्सबर्गच्या पायरेट्स या मेजर लीग संघाशी करार करणारे पहिले भारतीय. बुलपेनचं (राखीव पिचर थांबतात त्या जागेचं) दार उघडून तो धावत आला तेव्हा मी एकटाच हिंदीत ओरडलो. त्याने वळून स्टँडकडे पाहिलं.

डे मॉइनची आई

आमच्या आयोवा कब्जच्या मैदानातून सेंटर फील्डपलीकडे राज्याच्या कॅपिटॉलचा सोनेरी घुमट दिसतो. लेकीने सोळाव्या वर्षी तिथे काम धरलं, ताडपत्री ओढायचं. हंगामाच्या सुरुवातीला पाऊस हमखास. इनफील्ड झाकणारी ताडपत्री १७० फूट लांब आणि तेवढीच रुंद. वीसेक पोरं ती धरून पळतात, वारा खाली शिरला तर माणूस उचलला जातो. तिच्या पहिल्याच सामन्याला चौथ्या इनिंगला ढग फुटले. आम्ही छपराखाली उभे राहून तिला शोधत होतो, सगळे एकसारखे रेनकोट. ती ओळखू आली घसरून पडली तेव्हा. उठली, कोपरा सोडला नाही.

सामना पुढे ढकलला. घरी आल्यावर तिचे बूट मी बादलीत बुडवले तर पाणी लालभडक, थेट आमच्या राजापूरच्या मातीसारखं. तिला म्हटलं, उद्या विश्रांती घे. ती म्हणाली, “आई, सकाळी नऊला जायचंय, ताडपत्री वाळत घालायला.”