उताऱ्याचा विषय ओळखीचा असला की उत्तरं जास्त चुकतात, काय करावं?

दापोलीची_शिक्षिका :
दहावीच्या मराठी कुमारभारतीचा सराव चालू आहे. कासव, तिवरं, आंबा असा इथला विषय अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या, उताऱ्यात आला की मुलं भराभर लिहितात आणि गुण घालवतात. कथेच्या उताऱ्यात नेमकं उलट होतं. पात्राच्या मनातलं विचारलं की उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतात. दोन्हींना एकच पद्धत चालेल का?

राजापूर_मराठी :
नाही चालणार, ताई. माहितीपर उताऱ्यात ओळखीचा विषयच घात करतो, कारण मूल उताऱ्याऐवजी आठवणीतून उत्तर देतं. हा नमुना वर्गात देऊन बघा :

'ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात.'

प्रश्न : घरट्यावर सावली केली तर काय परिणाम होऊ शकेल?

वेळासच्या किनाऱ्यावर कासवं बघून आलेली मुलं लिहितील, 'पिल्लांना ऊन लागणार नाही, ती वाचतील.' उताऱ्यात वाचण्या-मरण्याचा विषयच नाही. सावली, म्हणून वाळू कमी तापेल, म्हणून नरांचं प्रमाण वाढू शकेल, एवढंच उत्तर. ते एका ओळीत सापडत नाही, शेवटच्या दोन ओळी जोडाव्या लागतात.

सवय अशी लावा : आधी प्रश्न वाचायचे आणि 'कारण', 'परिणाम', 'फरक' यांतलं काय मागितलंय ते अधोरेखित करायचं. मग उतारा न थांबता एकदा सलग वाचायचा. दुसऱ्या वाचनात ज्या ओळीत उत्तर आहे तिच्यासमोर पेन्सिलीने प्रश्नाचा क्रमांक टाकायचा. 'फक्त', 'बहुतेक', 'पेक्षा', 'नाही' या शब्दांना गोल करायला लावा. चूक की बरोबर विचारताना 'बहुतेक'चं 'सर्व' केलेलं असतं आणि घाईत ते निसटतं.

वेंगुर्लेकर :
कथेबद्दल लिहितो. तिथे सांगितलेलं कमी आणि दाखवलेलं जास्त असतं. ही दोन वाक्यं घ्या :

'तात्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली आणि मागे न बघता धक्क्याकडे निघाले. वळणावर मात्र चपलेचा अंगठा नीट करायला ते बराच वेळ थांबले.'

'तात्यांची मनःस्थिती लिहा' म्हटलं की अर्धी मुलं 'तात्या मागे न बघता निघाले' हेच लिहितात. काही 'तात्या दुःखी होते' लिहून थांबतात. पहिल्यात अर्थ नाही, दुसऱ्यात पुरावा नाही. मुलांना विचारा, अंगठा नीट करायला किती वेळ लागतो? मग 'बराच वेळ' का? उत्तर आपोआप येतं : तात्यांचा पाय घरातून निघत नाही, पण ते कुणाला दिसू द्यायचं नाही, हे चपलेच्या निमित्ताने थांबण्यातून कळतं. आधी भावना, मग ती सुचवणारी कृती किंवा शब्द. 'मात्र', 'तरी', 'पण' दिसलं की तिथे दोनदा वाचायला सांगा. पात्राचं मन बहुधा तिथेच वळलेलं असतं.

राजापूर_मराठी :
सहमत. फक्त मुलांची स्वतःची माहिती पूर्ण बंद करू नका. गद्य विभागाच्या १८ गुणांत पठित उतारे ७ आणि ७, अपठित ४ गुणांचा. पठितात स्वमताला, म्हणजे स्वतःचं मत मांडायच्या प्रश्नाला, ३ गुण असतात आणि किनाऱ्यावर राहून जे पाहिलंय ते तिथे उपयोगी पडतं. अट एकच, सुरुवात उताऱ्यातल्या मुद्द्यापासून हवी.

दापोलीची_शिक्षिका :
आणि आकृतिबंध, म्हणजे चौकटी भरून आकृती पूर्ण करायचे प्रश्न? मुलं चौकटीत पूर्ण वाक्यं कोंबतात.

वेंगुर्लेकर :
चौकटीत शब्द किंवा शब्दसमूह पुरे. मात्र 'कारणे लिहा' असेल तर पूर्ण वाक्य हवं. आणि चार चौकटी असतील तर चारही मुद्दे वेगळे हवेत. 'वाळू गरम' आणि 'वाळू तापलेली' हे दोन मुद्दे धरले जाणार नाहीत.