मोठ्या शहरात व्यावसायिक ओळखींसाठी योग्य ठिकाणे कशी शोधावीत? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. कारखान्यांत आणि मोठ्या इमारतींत वीज व इंधन नेमके कुठे वाया जाते ते मोजून, ते कसे वाचवता येईल याचा अहवाल देणे हे माझे काम. अकरा वर्षे नोकरी केल्यानंतर गेल्या वर्षी मी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि त्याच सुमारास आम्ही एका मोठ्या शहरात राहायला आलो. नोकरीत असताना कामे कंपनीच्या नावावर येत असत. आता ती माझ्या नावावर यायला हवीत, आणि या शहरात मला ओळखणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

गेल्या आठ महिन्यांत मी पाच खुल्या नेटवर्किंग कार्यक्रमांना गेले. प्रत्येक ठिकाणी शंभर-दीडशे माणसे होती, व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण झाली, दुसऱ्या दिवशी मी आठवणीने सर्वांना ईमेल पाठवले आणि उत्तरे आली ती तीन. विचार केल्यावर कारण लक्षात आले: तिथे आलेला जवळजवळ प्रत्येक जण माझ्यासारखाच काम मिळवायला आला होता. मला ज्यांना भेटायचे आहे ते देखभाल विभागप्रमुख, प्लांट इंजिनीअर आणि वास्तुविशारद अशा कार्यक्रमांना फिरकतच नाहीत.

याउलट अनुभव आला तो अभियंत्यांच्या एका व्यावसायिक संस्थेच्या मासिक व्याख्यानांना. तिथे जेमतेम पंचवीस-तीस लोक येतात, पण दर महिन्याला बहुतेक तेच. पहिल्या दोन वेळा मी कोणाशी फारसे बोलले नाही. तिसऱ्या व्याख्यानाचा विषय काँप्रेस्ड एअर, म्हणजे यंत्रे चालवण्यासाठी काँप्रेसरने दाबलेली हवा, हा होता. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात काँप्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा केवळ गळतीत जाऊ शकते; ती गळती यंत्रे बंद असताना कशी मोजावी याबद्दल मी एक प्रश्न विचारला आणि व्याख्यान संपल्यावर दोघे जण आपल्या कारखान्यातली अडचण घेऊन माझ्याकडे आले. स्वतंत्र व्यवसायातले माझे पहिले मोठे काम पुढे त्यांच्यापैकीच एकाच्या परिचिताकडून मिळाले. प्रदर्शनांच्या बाबतीतही असेच काहीसे जाणवले. पहिल्या दिवशी स्टॉलवरच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते, मात्र शेवटच्या दुपारी गर्दी ओसरली की तोच माणूस अर्धा तास मनापासून बोलतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्यांनी विचारले होते की, ज्या व्यक्तीमुळे ती मिळाली तिची भेट त्या काळात किती वेळा होत असे. नेहमी भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले सुमारे १७ टक्के होते, क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलेले सुमारे २८ टक्के आणि अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले जवळपास ५६ टक्के. म्हणजे मला शोधायची आहेत ती अशी ठिकाणे, जिथे तीच माणसे अधूनमधून, पण पुन्हा पुन्हा भेटतात.

इथेच माझी अडचण सुरू होते. १९०५ साली शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली तेव्हा एक वकील, एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी असे चौघे एकत्र आले होते, आणि बैठका आळीपाळीने (इंग्रजीत ‘रोटेशन’ने) एकमेकांच्या कार्यालयांत भरत म्हणून संस्थेला ते नाव पडले. वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसे एकत्र येण्याची ही कल्पना मला आवडते, पण सेवाकार्य हा ज्या संस्थेचा गाभा आहे तिथे कामाचा हेतू मनात ठेवून जाणे मला प्रशस्त वाटत नाही. बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या व्यावसायिकांच्या संघटनेसारख्या गटांत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात आणि बैठक दर आठवड्याला असते. परंतु सदस्यांनी एकमेकांना कामे मिळवून द्यावीत अशी तिथे अपेक्षा असते, आणि ज्याचे काम मी स्वतः पाहिलेले नाही त्याची शिफारस मी कशी करावी? कोवर्किंग जागेचाही, म्हणजे अनेकांनी मिळून भाड्याने वापरायच्या कार्यालयाचाही, विचार केला, मात्र तिथे प्रामुख्याने संगणकावर काम करणारे लोक दिसले.

ज्यांनी नव्या शहरात शून्यातून व्यवसाय उभा केला आहे त्यांना माझे काही प्रश्न आहेत. एखाद्या गटाची वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी तो आपल्या उपयोगाचा आहे की नाही हे किती बैठकांनंतर आणि कशावरून ठरवावे? व्यावसायिक संस्थेच्या कार्यकारिणीत किंवा परिषदेच्या नोंदणी कक्षावर स्वयंसेवक म्हणून काम केल्याने ओळखी खरोखर घट्ट होतात, की माणूस त्या कामातच अडकून पडतो? आणि ज्यांच्याशी स्पर्धा आहे अशा समव्यावसायिकांच्या मंडळात जावे, की ग्राहक जिथे जमतात तिथे परके म्हणून जाणे अधिक बरे?

महिन्याला दोन संध्याकाळी आणि एक शनिवार इतकाच वेळ मला देता येतो. गर्दीत स्वतःहून पुढे होऊन बोलणे मला जड जाते, पण विषय कामाचा असेल तर मी मोकळेपणाने बोलते. म्हणून त्या मासिक व्याख्यानमालेत हवेच्या गळतीवर मीच एक व्याख्यान द्यावे असे मनात आहे. सदस्य होऊन जेमतेम सहा महिने झालेल्या व्यक्तीने आयोजकांकडे असा प्रस्ताव मांडणे योग्य दिसेल का, आणि मांडायचा झाल्यास तो कसा मांडावा?