मदत हवी आहे : ३२ इंची गेमिंग मॉनिटर – १४४० पी की फोर-के, आणि पॅनेल कोणते?

नमस्कार,

सध्या माझ्याकडे २४ इंची, १०८० पी (१९२० × १०८० पिक्सेल), ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणारा) मॉनिटर आहे. ग्राफिक्स कार्ड मात्र जीफोर्स आरटीएक्स ४०७० असल्यामुळे बऱ्याच खेळांत ते दर सेकंदाला शंभराहून अधिक फ्रेम तयार करते आणि त्यांतल्या साठाच्या वरच्या फ्रेमचा मला फारसा उपयोग होत नाही. म्हणून मोठा आणि किमान १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचे नक्की केले आहे. आकार ३२ इंच असावा हेही जवळपास ठरले आहे. त्या आकारात रिझोल्यूशन आणि पॅनेल कोणते घ्यावे, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. किमतीचा विचार मी स्वतंत्रपणे करणार आहे, त्यामुळे उत्तर देताना तो बाजूला ठेवला तरी चालेल.

माझा वापर असा आहे. संध्याकाळी मित्रांबरोबर वेगवान नेमबाजीचे खेळ खेळतो, पण स्पर्धेत उतरण्याइतक्या ईर्ष्येने नाही. एकटा असताना मोठ्या खुल्या जगातले कथाप्रधान खेळ खेळतो, त्यांत रात्रीचे आणि गुहांमधले अंधारे प्रसंग भरपूर असतात. दिवसभर याच पडद्यावर लेखन आणि संपादनाचे काम चालते, म्हणजे पांढऱ्या पानावरची काळी अक्षरे, वरची टूलबार आणि खालची टास्कबार तासन्‌तास एकाच जागी राहतात. डोळे आणि पडदा यांत साधारण ७० सेंटिमीटर अंतर असते. टेबल भिंतीला टेकलेले आहे, त्यामुळे हे अंतर फारसे वाढवता येणार नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : १४४० पी (२५६० × १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झ, वक्र व्हीए पॅनेल; फोर-के (३८४० × २१६० पिक्सेल), १४४ हर्ट्झ, सपाट आयपीएस पॅनेल; आणि फोर-के, २४० हर्ट्झ, ओलेड पॅनेल. (व्हीए आणि आयपीएस हे मागून बॅकलाइटचा उजेड लागणाऱ्या एलसीडीचे प्रकार; ओलेडचे पिक्सेल स्वतः उजळतात.)

आतापर्यंतचा माझा हिशेब मांडतो. त्यात चूक असल्यास कृपया दाखवून द्यावी. १४४० पी मध्ये सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात आणि फोर-के मध्ये सुमारे ८३ लाख, म्हणजे सव्वादोन पट. कार्डावर येणारा भार नेमका त्याच पटीत वाढत नसला तरी तो बराच वाढतो, आणि म्हणून ४०७० साठी १४४० पी योग्य असे सर्वत्र सांगितले जाते. मात्र ३२ इंचांवर १४४० पी घेतले तर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल मिळतात आणि माझ्या आताच्या २४ इंची, १०८० पी पडद्याची घनताही तेवढीच आहे. म्हणजे नवा मॉनिटर आणूनही अक्षरांची धार आज आहे तशीच राहणार. दिवसभर मजकूर वाचणाऱ्या माणसाला ही गोष्ट खटकते. फोर-के घेतले तर ही घनता १३८ पर्यंत जाते.

दुसऱ्या बाजूने रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो याचा, विचार केला. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ हर्ट्झला ६.९ आणि २४० हर्ट्झला ४.२ मिलिसेकंद. डोळा हलत्या वस्तूचा पाठलाग करत असतो आणि चित्र मात्र तेवढा वेळ एका जागी थांबलेले असते, त्यामुळे ते फरकटल्यासारखे दिसते. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका सेकंदात जाणारी वस्तू धरली, तर ३२ इंची पडद्याच्या सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीवर ६० हर्ट्झला हा फराटा जवळपास १२ मिलिमीटरचा होतो, १४४ हर्ट्झला ५ मिलिमीटरचा आणि २४० हर्ट्झला ३ मिलिमीटरचा. पडदा मोठा झाला की हा फराटाही मोठा होतो, त्यामुळे मोठ्या पडद्याला उच्च रिफ्रेश रेटची गरज अधिक असते, असे माझे मत झाले आहे. पण मग प्रश्न असा की, कार्ड फोर-के वर १४४ फ्रेम देऊ शकणार नसेल, तर त्या १४४ हर्ट्झचा मला कितपत उपयोग?

पॅनेलविषयी वाचले ते असे : व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३००० : १ किंवा त्याहून अधिक, आयपीएसचा बहुधा १००० : १ च्या आसपास, आणि ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे पूर्ण विझू शकत असल्याने काळा रंग खरोखर काळा. अंधारे प्रसंग मला फार आवडतात, म्हणून मन व्हीए आणि ओलेडकडे झुकते. दिवसभराच्या स्थिर टूलबारमुळे ओलेडची भीती वाटते.

तर माझ्या मिश्र वापराला यांपैकी काय मानवेल? आणि मॉनिटर आजच्या कार्डाला साजेसा घ्यावा की कार्डापुढचा विचार करून?

धन्यवाद.

प्रतिसाद

आपला हिशेब बरोबर आहे. फोर-के मॉनिटर घेतला म्हणजे प्रत्येक खेळ फोर-के मध्येच रेंडर करावा (म्हणजे कार्डाने चित्रित करावा) लागतो, हे त्यातले गृहीतक मात्र आता खरे राहिलेले नाही. आपले कार्ड डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र एआयच्या मदतीने मोठे करणारे तंत्र, चालवते. फोर-के वर डीएलएसएसचा ‘क्वालिटी’ पर्याय निवडला की खेळ आतून २५६० × १४४० मध्ये रेंडर होतो आणि मग फोर-के पर्यंत वाढवला जातो. ‘परफॉर्मन्स’ निवडला तर आतले रिझोल्यूशन १०८० पी असते. या वाढवण्याच्या प्रक्रियेलाही काही वेळ लागतो, म्हणून फ्रेम अगदी मूळ १४४० पी इतक्या मिळत नाहीत, पण त्याच्या बऱ्याच जवळ जातात. खेळातली अक्षरे, नकाशे आणि चिन्हे मात्र बहुधा पूर्ण फोर-के मध्येच काढली जातात, त्यामुळे ती स्वच्छ दिसतात. याच्या उलट, फोर-के पडद्याला थेट १४४० पी चा सिग्नल दिला तर प्रत्येक पिक्सेल दीड पट ताणावा लागतो आणि चित्र पुसट होते. या दोन गोष्टींत अनेकांची गल्लत होते.

आपल्या ७० सेंटिमीटर अंतराचाच विचार करू. सामान्य निरोगी दृष्टीला एका अंशात साधारण ६० पिक्सेलपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. ३२ इंची १४४० पी पडदा त्या अंतरावर एका अंशात सुमारे ४४ पिक्सेल देतो आणि फोर-के सुमारे ६६. म्हणजे फोर-के तिथे त्या मर्यादेच्या थोडेसे पुढे आहे, आणि १४४० पी स्पष्टपणे मागे. देवनागरीतली जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार वाचताना हा फरक जास्तच जाणवतो. आपण संपादन करता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवले की जागा १४४० पी इतकीच मिळते, पण अक्षरे कितीतरी रेखीव होतात.

व्हीएविषयी एक सावधगिरीची सूचना. त्याचा काळा रंग चांगला असतो हे खरे, परंतु गडद छटेतून दुसऱ्या गडद छटेत जायला व्हीएच्या पिक्सेलला सर्वाधिक वेळ लागतो, आणि हा वेळ १६५ हर्ट्झच्या ६.१ मिलिसेकंदांच्या बराच पलीकडे जाऊ शकतो. गुहेत कॅमेरा फिरवला की सावल्यांच्या मागे काळे ओघळ दिसतात. ज्या प्रसंगांसाठी आपण व्हीए घेणार, नेमके तेच प्रसंग हलताना त्यावर बिघडतात. सगळे व्हीए सारखे नसतात, काही महागडी पॅनेल खूपच सुधारली आहेत, पण खोक्यावर लिहिलेल्या ‘१ मिलिसेकंद’ या आकड्यावरून ते कळत नाही. तो आकडा अनेकदा एमपीआरटी (हलते चित्र डोळ्याला किती वेळ दिसत राहते ते मोजणाऱ्या) पद्धतीचा असतो; त्यासाठी बॅकलाइट मधेमधे विझवला जातो आणि पिक्सेल रंग बदलायला किती वेळ घेतो याच्याशी त्याचा संबंध नसतो.

१४४ हर्ट्झचा उपयोग किती, या प्रश्नाचे उत्तर व्हेरिएबल रिफ्रेश रेटमध्ये आहे. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (या सोयीची दोन रूपे) चालू असेल तर मॉनिटर कार्डाच्या वेगानेच ताजा होतो. ९० फ्रेम मिळत असतील तर पडदाही ९० हर्ट्झवर चालतो, त्यामुळे चित्र फाटत नाही आणि अडखळतही नाही. साठावरून नव्वदीला गेल्यावर प्रत्येक फ्रेम १६.७ ऐवजी ११.१ मिलिसेकंदांत येते, आणि हा फरक हाताला लगेच कळतो. मित्रांबरोबरचे नेमबाजीचे खेळ बहुधा हलके असतात, त्यांत सेटिंग्ज थोड्या उतरवून १४४ पर्यंत जाता येईल. जड कथाप्रधान खेळांत फोर-के ची सर्वोच्च टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) निवडताना मात्र कार्डाच्या १२ जीबी मेमरीचे भान ठेवावे. काही खेळांत ती अपुरी पडते, आणि तिथे टेक्स्चर एक पायरी खाली आणणे इष्ट.

शेवटच्या प्रश्नाविषयी : माणसे कार्ड जितक्या वेळा बदलतात तितक्या वेळा मॉनिटर बदलत नाहीत, म्हणून मॉनिटर पुढच्या कार्डाचा विचार करून घ्यावा असे माझे मत आहे. माझी पसंती फोर-के आयपीएसला.

प्रतिसाद

वरील मताचा आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. नेमबाजीचे खेळ महत्त्वाचे असतील तर २७ इंची, १४४० पी, २४० हर्ट्झ हा पर्याय आपण यादीतून फार लवकर वगळला आहे, असे वाटते. त्याची घनता १०९ आहे, म्हणजे अक्षरांतही सुधारणा होते, रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर असल्याने ७० सेंटिमीटर अंतरावरून कोपऱ्यातला नकाशा पाहायला नजर कमी फिरवावी लागते, आणि कार्डावरचा भारही आवाक्यात राहतो.

ओलेडविषयीही दोन शब्द लिहितो. त्याचे पिक्सेल जवळजवळ तत्काळ बदलतात, त्यामुळे समान हर्ट्झला ओलेडवरची हालचाल एलसीडीहून स्वच्छ दिसते, आणि अंधाऱ्या प्रसंगांत त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. तरीही दिवसभराच्या टूलबारमुळे पॅनेलवर कायमची छाप उमटण्याची आपली भीती निराधार नाही. टास्कबार लपवणे, उजेड कमी ठेवणे आणि मॉनिटर मागेल तेव्हा पिक्सेल-रिफ्रेश (पॅनेलची स्वतःची देखभाल-प्रक्रिया) पूर्ण होऊ देणे, एवढे पाळल्यास धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. काही कंपन्या या दोषासाठी ३ वर्षांची हमी देतात, ती लेखी पाहून घ्यावी. शिवाय ओलेडमधली उपपिक्सेलची (प्रत्येक पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची) मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसू शकते. फोर-के च्या घनतेला ती कमी जाणवते, पण आपले कामच मजकुराचे आहे. आणि क्यूडी-ओलेड (ओलेडचा एक प्रकार) असेल तर खिडकीच्या उजेडात त्याचा काळा रंग करडा, किंचित जांभळट दिसतो.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. डीएलएसएसचा मुद्दा वाचल्यावर माझा मूळ पेच बराचसा सुटला. २७ इंचांचा सल्ला नेमबाजीपुरता पटतो, परंतु दोन दस्तऐवज शेजारी-शेजारी उघडून काम करायचे असल्याने मी ३२ वरच राहतो. माझ्या खोलीत दिवसा खिडकी समोर येते, त्यामुळे ओलेड सध्या वगळतो. तर फोर-के, १४४ हर्ट्झ आयपीएस हे निश्चित.

आता दोन शंका उरल्या आहेत. या वर्गातल्या बऱ्याच मॉनिटरांवर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ असे लिहिलेले असते (एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला अधिक विस्तृत पल्ला दाखवणे); अंधाऱ्या प्रसंगांसाठी त्याचा काही उपयोग आहे का? आणि डिस्प्लेपोर्ट १.४ वरून फोर-के १४४ हर्ट्झ पूर्ण रंगांसह चालते का? कारण माझ्या कार्डावर तेच पोर्ट आहे, शिवाय एक एचडीएमआय २.१.

प्रतिसाद

४०० च्या पातळीला बॅकलाइट विभागांत मंद करण्याची अट नाही. त्यामुळे उजळ भाग थोडा अधिक उजळतो, पण शेजारचा काळा रंग तसाच करडा राहतो. त्या लेबलमुळे एखादा मॉनिटर निवडू नये, आणि घेतलाच तर अंधारे खेळ एचडीआर बंद ठेवूनच खेळून पाहावेत. खरोखर फरक हवा असेल तर मिनी-एलईडी बॅकलाइटचा, शेकडो विभाग असलेला आयपीएस पाहावा; त्यात ठळक वस्तूंभोवती प्रभावळ दिसते, पण गुहा गुहेसारखी दिसते. ओलेडसाठी ‘ट्रू ब्लॅक’ नावाची वेगळी श्रेणी आहे, तिची या ४०० शी तुलना करू नये.

डिस्प्लेपोर्ट १.४ ची प्रत्यक्ष क्षमता सेकंदाला २५.९ गिगाबिट आहे. १० बिट रंगांसह फोर-के १४४ ला निव्वळ चित्रासाठीच जवळपास ३६ लागतात, म्हणून तिथे डीएससी हे कॉम्प्रेशन वापरले जाते. आपले कार्ड ते करते, मॉनिटरही करतो ना एवढे तपासावे. सर्वसाधारण वापरात त्यामुळे चित्रात काही फरक दिसत नाही. एचडीएमआय २.१ मात्र नुसते नाव वाचून गृहीत धरू नये, कारण त्या आवृत्तीतली अनेक वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत आणि काही मॉनिटरांवर ते पोर्ट पूर्ण ४८ गिगाबिटचे नसते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात फोर-के ला किती हर्ट्झ दिले आहेत ते पाहावे, आणि एचडीएमआय वापरणार असाल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रमाणित केबल घ्यावी.

मॉनिटर आल्यावर विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ स्वतः निवडा, कारण तो अनेकदा ६० वरच राहतो. नंतर ओव्हरड्राइव्हच्या (पिक्सेल लवकर बदलवणाऱ्या मॉनिटरच्या सेटिंगच्या) सगळ्या पायऱ्या एकदा १४० फ्रेमला आणि एकदा फ्रेम ६० ला मर्यादित करून तपासा. सर्वांत वरच्या पायरीवर हलत्या वस्तूंमागे बहुधा उजळ, उलट्या रंगाची किनार उमटते, आणि १४० ला चांगली वाटणारी पायरी ६० ला तशीच वागेल असे नाही. बहुतेक मॉनिटरांवर मधली पायरीच दोन्हीकडे निभावते. काळ्या चित्रावर कोपऱ्यांतून किती उजेड गळतो हेही अंधार करून त्याच दिवशी पाहा. तो एकाच मॉडेलच्या दोन नगांतही वेगवेगळा असतो, आणि बदलून मागायचा झाल्यास परतीची मुदत संपण्याआधीच मागावा लागेल.