पोस्टग्रेस, विंडोज सर्व्हर: फाइलचे नाव बदलताना ‘परमिशन डिनाइड’

प्रश्न (इंदूर)

सियागंजातील एका घाऊक किराणा पेढीचा साठा आणि बिले मी सांभाळतो. विंडोज सर्व्हर २०१९ वर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस आहे. गेले दहा दिवस संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, म्हणजे ऐन हिशेब मिटवण्याच्या वेळी, ‘ग्लोबल डॉट टीएमपी’ या फाइलचे नाव ‘ग्लोबल डॉट स्टॅट’ करता आले नाही, ‘परमिशन डिनाइड’, अशी ओळ लॉगमध्ये येते आणि तिच्या मागोमाग आकडेवारी शिळी असल्याची दुसरी ओळ. डेटा फोल्डरवर सर्वांना ‘फुल कंट्रोल’ देऊन पाहिला, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. फरक पडला नाही. वर्षभराचा हिशेब हातचा जाईल की काय, ही काळजी लागून राहिली आहे.

उत्तर (वडोदरा)

काळजी नसावी. या फाइलींत आपली बिले नाहीत. टेबलांच्या वापराची मोजदाद असते, जिच्या आधारे ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे टेबलांतील निरुपयोगी जुन्या नोंदींची आपोआप होणारी साफसफाई, चालते. मात्र सर्वांना दिलेला फुल कंट्रोल कृपया आजच काढून घ्यावा, कारण संदेशात परवानगीचे नाव असले तरी दुखणे बहुधा परवानगीचे नाही. दुसऱ्या प्रोग्रामने उघडून ठेवलेल्या फाइलचे नाव लिनक्सवर बदलता येते. विंडोजवर मात्र, फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामने ‘शेअर डिलीट’ची मुभा, म्हणजे ती उघडी असतानाही इतरांना तिचे नाव बदलू वा ती पुसू देण्याची मुभा, ठेवली असेल तरच हे जमते. पोस्टग्रेस आपल्या फाइली ही मुभा ठेवून उघडतो, बाहेरचे प्रोग्राम पुष्कळदा ठेवत नाहीत. नाव बदलताना अडले की पोस्टग्रेस दर १०० मिलिसेकंदांनी, असे १०० वेळा, म्हणजे सुमारे १० सेकंद प्रयत्न करतो आणि मगच ती ओळ लिहितो. तेव्हा कोणीतरी फाइल त्याहून अधिक वेळ धरून ठेवत असावे. ॲन्टिव्हायरसच्या तपासणीतून डेटा फोल्डर वगळला आहे का?

प्रश्नकर्ता

वगळला. तरीही काल तीच ओळ आली.

उत्तर (ग्वाल्हेर)

मग अंदाज पुरे. प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्राम कोणती फाइल उघडतो ते दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) सव्वासातला सुरू करावा आणि पाथमध्ये ‘पीजी_स्टॅट_टीएमपी’, म्हणजे या फाइली ज्यात असतात तो फोल्डर, असा फिल्टर लावावा. ‘ॲक्सेस डिनाइड’ची ओळ पोस्टग्रेसच्याच नावावर दिसेल, तिच्यावर थांबू नये. तिच्या आधी तीच फाइल दुसऱ्या कोणत्या प्रोग्रामने उघडली आणि त्याच्या शेअर मोडमध्ये, म्हणजे त्याने इतरांना ठेवलेल्या मुभांमध्ये, ‘रीड, राइट’पुढे ‘डिलीट’ आहे की नाही, हे पाहावे.

प्रश्नकर्ता

सापडले. बॅकअपचा एक प्रोग्राम साडेसातला संपूर्ण डेटा फोल्डर यूएसबी डिस्कवर उतरवत होता. त्याने ग्लोबल डॉट स्टॅट ७:३१:०४ ला उघडली आणि ७:३१:२७ ला सोडली; शेअर मोडमध्ये फक्त ‘रीड’ होते. आता त्याची वेळ रात्री दोनची करतो.

उत्तर (वडोदरा)

कृपया तसे करू नये. सर्व्हर चालू असताना फोल्डरातील फाइली एकामागून एक उतरवल्या की प्रत्येक फाइल वेगळ्या क्षणाची असते, आणि अशा प्रतीतून डेटाबेस उभा राहीलच याची शाश्वती नाही. वेळ बदलल्याने लॉग स्वच्छ दिसेल, बॅकअप मात्र तितकाच कच्चा राहील. त्या प्रोग्राममधून डेटा फोल्डर वगळावा, विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोज रात्री पीजी_डंप (चालू डेटाबेसची एकाच क्षणाची सुसंगत प्रत काढणारा पोस्टग्रेसचा प्रोग्राम) चालवावा आणि डंपची फाइलच यूएसबी डिस्कवर न्यावी. पोस्टग्रेस १५ पासून टेबलांच्या वापराची ही मोजदाद अशा फाइलींऐवजी शेअर्ड मेमरीत (पोस्टग्रेसच्या सर्व प्रोसेसना सामाईक असलेल्या मेमरीत) राहते, त्यामुळे नवी आवृत्ती घेतल्यास हा विशिष्ट संदेश थांबेल. पण इतर फाइलींसाठी विंडोजचा नियम तोच आहे. पहिला डंप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून मार्चमधील बिलांची संख्या जुळते का, ते कळवावे.